चार नंबरची घंटा

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी हातघंटा आहे, आणि मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. इतर वस्तू आपलं आयुष्य सांगायला बसल्या की फार गोड बोलतात. आम्ही झिजलो, आम्हाला अडगळीत टाकलं, पण आमच्या मनात कुणाबद्दल राग नाही, असं म्हणतात. माझ्या मनात होता. माझ्या सख्ख्या जुळ्या बहिणीबद्दल होता, आणि तो मी चांगली तेहतीस वर्षं जपून ठेवला होता.

आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालो. कनेक्टिकट राज्यात घंटांचे कारखाने होते, तिथे. अंगाला ओतीव पितळ, वर लाकडाची मूठ, आत लोखंडाचा लोलक. भुशाने भरलेल्या एकाच खोक्यात आम्हाला घातलं आणि आगगाडीने वर व्हरमाँटच्या डोंगरात पाठवलं. साल होतं एकोणीसशे अकरा. टॅल्कट गावच्या तीन पंचांनी आम्हाला मागवलं होतं. गावच्या हद्दीत तेव्हा सहा शाळा होत्या आणि त्यांतल्या दोन शाळांच्या घंटांना तडे गेले होते. पंचांनी खोकं उघडलं. वर जी हाताला लागली ती गावातल्या मोठ्या शाळेला दिली. खाली जी राहिली ती कॉबल टेकडीवरच्या चार नंबरच्या शाळेला. खाली मी होते. बस, एवढ्यावर दोघींची नशिबं ठरली.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. चार नंबरची शाळा म्हणजे एकच खोली, एकच शेगडी आणि टेकडीवरच्या शेतघरांतून चालत येणारी वीस-बावीस पोरं. पण तिथे माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. पोरं बर्फात लोळत असली की मी त्यांना आत बोलवायचे. दुपारी मी त्यांना सोडायचे. पेक घराण्याचा गोठा दोन मैलांवर होता, पण म्हातारे पेक माझ्या आवाजावर घड्याळ लावत. हे मी स्वतः ऐकलंय, त्यांनी शाळेच्या दारात येऊन सांगितलं होतं.

मग तीस साली मिस अल्थिया मार्श आमच्याकडे शिक्षिका म्हणून आल्या. पोरं त्यांना मार्शबाई म्हणत. चोविशीच्या, सडपातळ, आणि मनगट असं की काय सांगू! त्यांच्याआधी कुणीही यायचं आणि मला गदागदा हलवायचं. मार्शबाईंनी माझा एक ठेका बसवला. दोन आखूड, एक लांब. टण टण, टणणण. तो लांब ठोका टेकडीवरून खाली उतरत जायचा आणि पोरं पळत वर यायची. दर शुक्रवारी बाई मला व्हिनेगर आणि मीठ लावून पुसत. आरशासारखं तोंड दिसेल इतकी मी लखलखायचे. चोवीस वर्षं आमचं हे असं चाललं. त्या दिवसांत बहिणीची आठवण आली तरी मी म्हणायचे, असू दे बापडी गावात, तिला कुठे मार्शबाई आहेत?

आता आमच्या गावचा कारभार कसा चालतो ते सांगते. तीन पंच वर्षभर बसतात, झोनिंगची, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधू द्यायचं ते बघणारी, एक समिती असते, शाळेचं एक मंडळ असतं. पण खरा शब्द गावसभेचा. मार्चचा पहिला मंगळवार आला की सगळं गाव सभागृहात येऊन लाकडी खुर्च्यांवर बसतं आणि रस्त्यावरच्या खडीपासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं त्या एका दिवसात ठरवतं. कर किती, नकाशात कुठे घर, कुठे दुकान आणि कुठे नुसतं रान, तेही तिथेच. ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहायचं आणि अध्यक्ष महाराज म्हणून सुरुवात करायची, मग ते अध्यक्ष आपले सख्खे मेहुणे का असेनात.

चोपन्न सालच्या सभेत ठराव आला की चार नंबरची शाळा बंद करावी. नऊ पोरांसाठी एक शिक्षिका, एक शेगडी आणि वीस गाड्या लाकूड परवडत नाही, पोरांना बसने गावातल्या शाळेत आणावं. त्या दिवशी टेकडीचा रस्ता बर्फाने बुजला होता. वरच्या तीन घरांतली माणसं येऊच शकली नाहीत. बंद करण्याच्या बाजूने एकसष्ट मतं पडली, विरोधात अठ्ठावन्न. शाळा गेली.

टेकडीवरचे लोक चिडून उठायला लागले तेव्हा गावातल्या कुणीतरी आणखी एक ठराव मांडला. चार नंबरच्या शाळेची घंटा सन्मानाने सभागृहात ठेवावी आणि यापुढे गावसभेत जेवणाच्या सुट्टीनंतर ती पायरीवर वाजवल्याशिवाय कामकाज सुरू करू नये. तो एकमताने पास झाला. टेकडीच्या तोंडाला पानं पुसली, दुसरं काय! रोज दहा वेळा वाजणारी मी, वर्षातून एकदा वाजणारी झाले.

पण मला खरं लागलं ते पुढेच. जूनमध्ये मार्शबाईंनी शाळेला कुलूप लावलं, मला स्वतःच्या हाताने पुसलं, सभागृहात आणून दिलं. आणि सप्टेंबरात त्या गावातल्या शाळेत शिकवायला लागल्या. माझ्या बाई माझ्या बहिणीकडे गेल्या! मला घेऊन जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या मनगटात आता ती होती. मित्रांनो, तुमच्या जिवाभावाच्या माणसाने तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या कुणाचा हात धरला तर तुम्हाला कसं वाटेल? मला तसंच वाटलं.

माझी जागा चिटणीसांच्या खोलीतल्या कपाटात. कपाटाचं दार उघडलं की मी उगाच खणखणायचे, म्हणून कुणीतरी माझ्या लोलकाला पिवळं फडकं गुंडाळून गाठ मारली. तोंड बांधलेलं, अंगावर धूळ, आणि शेजारी कुत्र्यांच्या परवान्यांची खोकी. दाराच्या फटीतून मी पंचांच्या बैठका पाहायचे. एकाआड एक सोमवारी बसायचे. नाल्याला पाईप केवढ्याचा घालायचा यावर दोन तास. गोठ्यात केस कापायचं दुकान काढलं तर तो गोठा राहतो की दुकान होतो, यावर तीन बैठका. टेकडीवर परगावच्या लोकांची सुट्टीतली घरं होऊ द्यायची का, यावर तर वर्षं गेली. ऐकून ऐकून मी गावचा कारभार कोळून प्यायले होते.

आणि खिडकीबाहेर, हाकेच्या अंतरावर, गावातली शाळा. रोज सकाळी आठला ती वाजायची. मग मधल्या सुट्टीला, मग जेवणाला, मग पुन्हा. तिचा आवाज सुरू झाला की मी मनातल्या मनात कान झाकून घ्यायचे. काय वाजते, कशी वाजते, मला ऐकायचंच नव्हतं. गावाच्या वार्षिक अहवालावर एकदा तिचा फोटो छापून आला, शिक्षिकेच्या टेबलावर, फुलांच्या शेजारी. तो अहवाल चिटणीस लिओनाने माझ्या खालच्याच फळीवर ठेवला. सहा महिने मी तो फोटो बघत होते.

माझं दुःख एकाच माणसाला कळत होतं. त्याचं नाव हार्लन पेक. घड्याळ लावणाऱ्या म्हाताऱ्या पेकांचा हा नातू. शाळा बंद झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मोठा झाला, आजोबांची जमीन सांभाळली, पंच झाला. पंच होताच त्याने मला वाजवायचं काम मागून घेतलं. दर वर्षी सभेच्या आदल्या दिवशी तो मला कपाटातून काढायचा आणि व्हिनेगर-मीठ लावून पुसायचा, अगदी बाईंसारखा. पुसता पुसता बोलायचा. लग्न केलेलं नव्हतं, घरी ऐकायला कुणी नव्हतं, मग माझ्याशीच. गावातल्या शाळेत पहिल्या दिवशी पोरांनी नाकं धरली होती, म्हणे तुमच्या कपड्यांना शेणाचा वास येतो. आणि मार्शबाईंनी, टेकडीवर ज्यांच्या पुढ्यात तो बसायचा त्या बाईंनी, त्याला उचलून मागच्या बाकावर बसवलं. गावातली पोरं पुढे, तो मागे. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. बाई रस्त्यात भेटल्या की टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा.

सत्याऐंशी सालच्या सभेत सात नंबरचा ठराव हार्लनने मांडला. गावातली शाळा बंद करावी आणि तिथली एक्केचाळीस पोरं वीस मैल खाली मोठ्या शाळेत पाठवावीत. त्याचे आकडे खोटे नव्हते. छप्पर गळत होतं. कर चढत चालला होता. खालच्या शाळेत खेळायला बंदिस्त मैदान होतं, प्रयोगशाळा होती. झोनिंगच्या समितीनेही शाळेच्या गल्लीत दुकानं होऊ देण्याची तयारी दाखवली होती, आणि इमारत विकत घ्यायला सुट्टीची घरं बांधणारा एक बिल्डर टपूनच होता.

मला आकड्यांशी काय करायचंय? मी देव पाण्यात घालून बसले होते. शाळा बंद झाली की माझी बहीण कुठे येणार? इथेच, कपाटात, माझ्या शेजारच्या फळीवर. तिच्याही तोंडाला फडकं. मग बघू या म्हटलं कोण कुणाकडे बघून लखलखतं ते. एक्केचाळीस पोरांचा विचार माझ्या मनात आलाही नाही. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे ते सांगते.

सभेच्या दिवशी मी सकाळपासून अध्यक्षांच्या टेबलावर होते, त्यामुळे सगळं समोर दिसत होतं. अध्यक्ष होते ऑरिन वेदरबी, स्वभावाने देवमाणूस, भुकेला मात्र फार कच्चे. ठरावाविरुद्ध उभी राहिली डेलफीन तिबो. तिची तीन पोरं त्या शाळेत, घरी चाळीस गाई, आणि त्या दिवशीच्या जेवणाची जबाबदारीही तिच्यावरच. कमरेला ॲप्रन बांधूनच ती तळघरातल्या स्वयंपाकातून वर आली होती. ती म्हणाली की सहा वर्षांच्या पोराला पहाटे सहाला बसमध्ये घालायचं तर त्याने झोपायचं कधी? हार्लन उठला आणि शांतपणे म्हणाला, "आमची शाळा बंद केलीत तेव्हा या खोलीत कुणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं."

"तेव्हा मी जन्मलेही नव्हते, हार्लन," डेलफीन म्हणाली. "माझ्या पोरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

हार्लन खाली बसला. चिठ्ठ्यांनी मतदान झालं. बंद करा म्हणणारे बहात्तर, चालू ठेवा म्हणणारे पंचाहत्तर. तीन मतांनी आमची गेली होती, तीन मतांनी तिची राहिली. मी आतून जळून कोळसा झाले.

आणि तेव्हाच ऑरिनकडून चूक झाली. आमच्याकडे असा नियम आहे की एका ठरावावर मत झालं तरी तो पक्का धरत नाहीत. पुढचा ठराव वाचायला घेतला की मागचा पक्का. तोवर कुणीही उठून म्हणू शकतं, पुन्हा मत घ्या. म्हणून शहाणे अध्यक्ष काय करतात, जेवायला सोडण्याआधी पुढच्या ठरावाची एक ओळ तरी वाचून ठेवतात. गावातल्या पोराटोरांना हे ठाऊक आहे. पण खालच्या तळघरातून मडक्यात शिजलेल्या राजम्याचा आणि ताज्या पावांचा वास आला, आणि ऑरिनने हातोडी आपटून सांगितलं, चला जेवायला. लिओना चिठ्ठ्या पाकिटात भरत होती, तिच्याही लक्षात आलं नाही.

हार्लनच्या आलं. तो जेवायला गेला नाही. शेगडीपाशी दोन मित्रांना घेऊन उभा राहिला, अगदी माझ्या टेबलाजवळ. हळू आवाजात त्यांचं ठरलं. त्या दिवशी ऊन पडलं होतं आणि मेपलच्या झाडांना रस सुटला होता, तो लगेच आटवून त्याचा पाक करायचा असतो. शाळेच्या बाजूचे निम्मे शेतकरी जेवून आपापल्या रसाच्या गुऱ्हाळांकडे धावले होते. पोरांच्या आया आणि बाप तळघरात दीडशे माणसांची भांडी घासत होते. वर बसणार कोण, तर सफरचंदाची पाई खाऊन पेंगुळलेली आणि कराला वैतागलेली म्हातारी माणसं. एकाच्या ठोक्याला पुन्हा मत मागायचं, पाच मिनिटांत निकाल.

"पण घंटा?" एक मित्र म्हणाला. "ती वाजली की सगळे धावत येतील."

"घंटा मी वाजवतो," हार्लन म्हणाला.

तो मला घेऊन पायरीवर आला. दर वर्षी आधी फडकं सोडायचा आणि मग मूठ धरायचा. या वर्षी नुसती मूठ धरली. मला सगळं समजलं, आणि मित्रांनो, मला आनंद झाला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला ते फडकं आवडलं. त्याने मला तीनदा हलवलं. थप, थप, थप. पायरीवरचं मांजरसुद्धा हललं नाही. झालं, वाजवली. तो आत जायला वळला.

"हार्लन, काय वाजवलंस रे?"

दाराशेजारच्या बाकावर उन्हात मार्शबाई बसल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या. अंगात जाड कोट, मांडीवर राजम्याची ताटली. आत गर्दीत त्यांना गुदमरायचं, म्हणून डेलफीनने त्यांचं पान बाहेर आणून दिलं होतं.

"घंटा, बाई," हार्लन म्हणाला.

"ऐकू नाही आली."

"बाई, आता तुमचे कान..."

"कान बरे आहेत माझे. डोळे अधू झालेत. फडक्याचा रंग कुठला ते नाही सांगता येणार, पण फडकं आहे एवढं दिसतंय."

हार्लनचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारेल. पण त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. त्रेचाळिशीला आलेला माणूस, पण आवाज नऊ वर्षांच्या पोराचा.

"तुम्हीच गेलात, बाई. जूनमध्ये आमचं कुलूप लावलंत आणि सप्टेंबरात तिकडची घंटा हातात घेतलीत. एक वर्ष तरी थांबायचं होतं."

माझ्या मनातलंच बोलला तो. अगदी शब्दाला शब्द.

बाईंनी ताटली बाजूला ठेवली. "कुणासाठी थांबायचं होतं? रिकाम्या बाकांसाठी? मला खाली शहरात याहून मोठी नोकरी मिळत होती. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. माझी नऊ पोरं बसमध्ये बसून त्या शाळेत जाणार होती, तिथे त्यांना ओळखीचं एक तोंड दिसायला नको?"

"मग मला मागच्या बाकावर का बसवलंत?"

बाईंना आठवायलाही वेळ लागला. मग म्हणाल्या, "तू उंच होतास, हार्लन. तुझ्यामागे जो बसला असता त्याला फळा दिसला नसता."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. तेहतीस वर्षं उराशी धरून ठेवलेली गोष्ट, आणि ती निघाली फळ्याची आणि उंचीची.

"तुझं मत तुला हवं तसं दे," बाई म्हणाल्या. "छप्पर गळतंय हे खरंच आहे. पण ती पोरं वीस मैल खाली जातील तेव्हा त्यांच्याबरोबर कोण जाणार आहे, ते मनाशी ठरव. मी आता बसमध्ये चढू शकत नाही. आणि मत कसंही दे, घंटा मात्र वाजवून दे."

हार्लनने गाठ सोडायला घेतली. आदल्या दिवशी पुसून झाल्यावर त्यानेच घट्ट मारलेली दुहेरी गाठ, सुटेना. बाईंनी हात पुढे केला आणि मला मांडीवर घेतलं. तो हात! सुरकुतलेला, थंड, व्हिनेगरचा वास नसलेला, पण तोच. नखाने त्यांनी गाठ सैल केली, फडकं ओढून काढलं आणि मला परत त्याच्या हातात दिलं.

"दोन आखूड, एक लांब. विसरला नाहीस ना?"

तो विसरला नव्हता. खरं सांगू? मला वाजायचं नव्हतं. बाईंचं सगळं ऐकूनही माझ्या पितळेत कुठेतरी ती फळी, ती रिकामी जागा, ते दुसरं फडकं होतंच. पण घंटेला हलवलं की घंटा वाजते, तिला कुणी विचारत नाही. टण टण, टणणण. एकदा, दोनदा, तीनदा. आणि वाजले काय, मित्रांनो, टेकडीवर वाजायचे तशी वाजले. तळघरातला भांड्यांचा आवाज थांबला. डेलफीन फेसाने भरलेल्या हातांनी वर आली, तिच्यामागे वीस-पंचवीस जण. गुऱ्हाळांकडून गाड्या यायला लागल्या. काहींच्या अंगाला रसाचा वास येत होता, काहींचे बूट चिखलाने भरलेले. दहा मिनिटांत सभागृहात उभं राहायलाही जागा उरली नाही.

हार्लनच्या मित्राने पुन्हा मत मागितलंच. ऑरिन वेदरबी आपली चूक लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाले. नियम तो नियम. पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. चालू ठेवा म्हणणारे अठ्ठ्याऐंशी, बंद करा म्हणणारे एकाहत्तर. सकाळी बंद करा म्हणणारे बहात्तर होते. ते एक मत कुठे गेलं हे कुणी विचारलं नाही. हार्लन मान खाली घालून बसला होता, आणि पिवळं फडकं त्याच्या खिशातून थोडं बाहेर दिसत होतं. ऑरिनने हातोडीला हात लावण्याआधीच आठ नंबरचा ठराव घाईघाईने वाचायला घेतला, खडीच्या ट्रकचा, आणि सगळं गाव हसलं.

संध्याकाळी मी परत कपाटात आले. हार्लनने मला फळीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. फडकं बांधलंच नाही. लिओनाने दार उघडलं की मी खणखणते, ती कुरकुरते, आणि परवान्यांची खोकी काढून पुन्हा दार लावते. तिने एकदा हार्लनला सांगितलं की घंटेचं तोंड बांधून टाक. तो म्हणाला, राहू दे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. बुधवारी सकाळी आठ वाजता शाळेची घंटा झाली. सवयीने मी कान झाकणार होते, पण माझ्या अंगात आदल्या दिवशीचा नाद अजून घुमत होता, आणि ते जमलं नाही. मला ते ऐकावं लागलं. दोन आखूड, एक लांब. टण टण, टणणण.

माझा ठेका! मार्शबाई निवृत्त होऊन किती वर्षं झाली, त्यांच्यानंतर कितीतरी शिक्षिका आल्या आणि गेल्या, आणि तरी ती शाळा माझ्याच ठेक्याने पोरांना बोलावत होती. बाई त्या सप्टेंबरात रिकाम्या हातांनी तिकडे गेल्या नव्हत्या. त्या मला घेऊन गेल्या होत्या. तेहतीस वर्षं, दिवसातून दहा वेळा, हाकेच्या अंतरावर चार नंबरची शाळा भरत होती, आणि मी कान झाकून जळत बसले होते.

मित्रांनो, तुमच्याही गावात, शाळेत, कचेरीच्या एखाद्या कपाटात माझ्यासारखं कुणीतरी धूळ खात पडलं असेल. त्याला पुसा. व्हिनेगर आणि मीठ लावा, चांगलं निघतं. पण त्याआधी त्याच्या तोंडावरचं फडकं सोडा. आणि ते फडकं एखाद्या माणसाने स्वतःच बांधून घेतलं असेल, तर त्याच्या शेजारी जरा बसा आणि त्याला विचारा, तुला मागच्या बाकावर का बसवलं होतं, ते तू कधी विचारलंस का?

मला अजून बहिणीचा हेवा वाटतो. ती रोज वाजते, मी वर्षातून एकदा. तो काही जायचा नाही. पण आता सकाळचे आठ वाजत आले की मी कपाटात तयार होऊन बसते, आणि ती वाजली की मनातल्या मनात तिच्याबरोबर वाजते.